दाढी गेली, नाना गेले

माझे वडील एका मंगळवारी सकाळी साडेदहाला वारले, आणि त्यांच्या दुखवट्याचा सारभात अकरा वाजता त्यांनी स्वतःच दोनदा मागून घेतला.

या सगळ्याचं मूळ माझी दाढी. ती मी काही हौसेने वाढवली नव्हती (हे खोटं आहे). बंगळुरात आमच्या ऑफिसातल्या पोराटोरांनाही छातीपर्यंत दाढ्या, आणि मला हनुवटी आहे हे लोकांना तोंडाने सांगावं लागतं! शेवटी नोव्हेंबरात मी रेझर कपाटात ठेवून दिला.

नेमक्या त्याच आठवड्यात सरोजा आंटींनी नोटीस दिली. आंटी म्हणजे आमच्या बसवनगुडीतल्या घराच्या मालकीणबाई. त्या खाली राहतात, आम्ही वर. माझ्या सकाळच्या ऑम्लेटचा वास थेट त्यांच्या देवघरात उतरतो, तेव्हा महिनाअखेर घर खाली करा! माझी बायको मुग्धा हबकलीच. तिची शाळा पाच मिनिटांवर, गच्चीवर तिच्या चाळीस कुंड्या.

"हे घर गेलं ना, तर तुझ्या अंड्यांसकट तुला पुण्याला पाठवीन," ती म्हणाली. ऑम्लेट त्याच दिवशी बंद झालं.

पुढे पायाला नवा बूट चावला, म्हणून मी दूध आणायला अनवाणीच उतरलो. अंगात कंपनीने फुकट दिलेला काळा टी-शर्ट, तोंडावर तीन आठवड्यांची दाढी. आंटी रांगोळी काढत होत्या. मला बघून त्या उठल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"स्वामी!"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

कोपऱ्यावरच्या दूधवाल्या अण्णाने उलगडा केला. शबरीमलैला जाणारे लोक एक्केचाळीस दिवस व्रत धरतात, आणि तेवढे दिवस त्यांना सगळे 'स्वामी' म्हणतात. दाढी, काळे कपडे, अनवाणी पाय, पहाटे थंड पाण्याची अंघोळ. घरात कोणी गेलं तरच ते मध्ये सुटतं.

"अहो, जाऊन खरं सांग त्यांना," मुग्धा म्हणाली (राग आणि आदर ती एकाच वाक्यात बसवते).

"मी खोटं कुठे बोललोय? मी फक्त गप्प बसलोय!"

नोटिशीचं नाव कोणी काढेना, मग मी कशाला काढू? पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला बेल वाजू लागली. "स्वामी, स्नान हो गया? ठंडा पानी, ना?" त्यांना खालून नळाचा आवाज ऐकू येई, त्यामुळे अंघोळ खरीच करावी लागे. डिसेंबरातलं बंगळूर आणि टाकीतलं पाणी! मी देवाचं नाव घेत असे, आणि तेही अगदी मनापासून.

अशात नाना, म्हणजे माझे वडील, पुण्याहून आले. मालक-मालकीण देवळात गेलेले असताना त्यांची रिक्षा दारात लागली. नाना कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होते. निवृत्तीनंतरही रोज सातला दाढी, वर तुरटी. त्यांनी मला न्याहाळलं.

"मुग्धा, याची नोकरी गेली का?"

"नाना, फक्त दहा दिवस थांबा, मी सांगतो..."

"चल आधी न्हाव्याकडे!"

दुकान बंद होतं. पुण्यात न्हावी सोमवारी सुट्टी घेतात, इथे मंगळवारी. वाचलो, असं वाटलं. पण नानांनी घरी येऊन स्वतःचा ब्रश काढला, मला खुर्चीत बसवलं आणि दहा मिनिटांत मिशीसकट सगळं साफ केलं! अडतिसाव्या वर्षी मी "नाना, कापेल ना!" म्हणून ओरडत होतो.

कचरा टाकायला खाली गेलो, तर देवळातून परतलेल्या आंटी समोर. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि घरात पळाल्या.

अर्ध्या तासाने बेल वाजली. दार नानांनी उघडलं. दारात मालक, आंटी आणि भलामोठा डबा.

"बहुत अच्छे आदमी थे," आंटी डोळे पुसत म्हणाल्या.

माणूस रडत असेल तर चौकशा करू नयेत, ही नानांची शिस्त. "हो ना, फार वाईट झालं," ते गंभीरपणे म्हणाले. "बैठिए."

चौघांनी मिळून दोन मिनिटं शांतता पाळली. चौथा मी! ते गेल्यावर नाना जेवायला बसले.

"सार फक्कड झालंय. कोण गेलं रे त्यांचं?"

"तुम्ही."

नानांचा घास हातात राहिला. मी सगळं सांगितलं: व्रत मध्येच सुटलं म्हणजे घरात कोणी गेलं, आणि आमच्या घरात 'आदमी' दोनच. त्यांनी शांतपणे आणखी भात घेतला, हात धुतले आणि माझा कान नाही, पण कोपर धरून मला खाली नेलं. मुग्धा जिन्यातूनच कुंड्यांकडे बघत होती.

"आंटी, मी व्रत धरलं नव्हतं. आणि हेच माझे वडील."

आंटी आधी दचकल्या, मग हसत सुटल्या. "व्रत में गले में माला होता है, तुम्हारा किधर था? पहले दिन से मालूम!"

"मग घर?"

"आमलेट बंद, नोटीस बंद. सरी, ठीक है?"

"आणि पाच वाजताची ती अंघोळ?"

"दो साल का आमलेट का हिसाब. स्वल्प."

मुग्धाने सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र गोंधळलो. "व्रत नव्हतं हे माहीत होतं, तर कोणी गेलं असं कशावरून वाटलं?"

आंटी ओशाळल्या. "दाढी के बिना तुम्हारा मुँह पहली बार देखा. ऐसा मुँह... लगा घर में कोई गया।"

"नाही हो," नाना म्हणाले, "हे त्याचं जन्मापासूनचं आहे."

तेव्हापासून मी दाढी राखतो. नानांचाच हुकूम आहे. सारखं सारखं मरणं त्यांना या वयात झेपत नाही म्हणे!