अमावस्या छापाच्या कॅसेटी

दुकानात पाय टाकला की तो एक बोट वर करायचा. नमस्कार नाही, या-बसा नाही. बोट वर म्हणजे रेकॉर्ड चालू आहे, गप उभे राहा. कुणी घाई केली तर म्हणायचा, "संपू दे की रं." आणि त्याची ती विलायती गाणी अशी, की एक संपेपर्यंत जेवणाची पंगत उठावी. "ह्याला गाणं म्हणत्यात व्हय?" असं मी तोंडावर विचारायचो. तो हसायचा आणि बोट तसंच धरायचा. असा माणूस तुमच्याही गल्लीत एखादा असेल.

आमचं घर सीमाभागातल्या शहापुरात. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, भिंतीपलीकडं त्याचं रेकॉर्डी-कॅसेटींचं दुकान. ज्यांचे बँड मोडले, ज्यांच्या रेकॉर्डी मोठ्या कंपन्यांनी छापायच्या बंद केल्या, अशांची जुनी गाणी तो हुडकायचा. वाजवणाऱ्याला विचारून स्वतःच्या छापाची कॅसेट काढायचा. वरचा कागद आमच्याच गल्लीतला लग्नपत्रिकावाला छापायचा. त्यानं हाताच्या सवयीनं वर 'श्री गजानन प्रसन्न' घातलं, खाली लांब केसांचे गिटारवाले. पोरं हसली. हा म्हणाला, ऱ्हाऊ दे, गणपतीला गाण्याचं वावडं न्हाय.

माग चालू असले की भिंत हादरायची आणि रेकॉर्डवरची सुई उडायची. म्हणून रेकॉर्डवरून कॅसेट तो फक्त अमावास्येला भरायचा. त्या दिवशी आमच्याकडं मागाला सुट्टी. त्यावरून त्यानं छापाचं नावच 'अमावस्या' ठेवलं. असल्या नावाचा धंदा बुडतो, असं भटजी म्हणाले. बुडाला नाही. गोव्याची, कोल्हापूरची पोरं हुडकत यायची.

एकदा लष्कराच्या कॅम्पातला एक ड्रमवाला आला. त्याच्या बँडची एकच रेकॉर्ड निघालेली, तिचीही ही शेवटची प्रत. तो कायमचा परदेशी चाललेला, दुपारी लोंढ्याला जाऊन रेल्वे धरायची होती. रेकॉर्ड देणार नव्हता, भरून घेऊ देणार होता. अमावास्या लांब होती.

हा धावत आमच्याकडं आला. "आप्पा, वाईच माग थांबवा. ही गेली तर परत गावत न्हाय."

मागावर लग्नाची साडी होती. मी सरळ नाही म्हणालो. तेवढ्यात मागून आमच्या हिनं बटण बंद केलं. "नवरी काय आज बोहल्यावर चढत न्हाय. गप बसा."

मग ती बटणापाशीच उभी राहिली, भिंतीला कान लावून. अर्ध्या वाटेत ते गाणं इतकं हळू झालं, की बुडालंच. "संपलं बाई एकदाचं," असं म्हणून तिनं माग चालू केला.

पलीकडून हाक आली, "आक्का!"

तिनं लगेच बंद केला, पण सुई उडाली होती. गिटारीचा एक घास गेला. पुन्हा भरायला वेळ नव्हता. ड्रमवाल्यानं रेकॉर्ड काखेत मारली आणि तो एसटीला पळाला.

ही दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, टाकून द्या ती. तो म्हणाला, "टाकू कशाला? तुमी माग थांबवला म्हणून एवढं तरी हाय, आक्का."

कॅसेट तशीच निघाली. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तो ठणकावून सांगायचा, "कॅसेटीची पट्टी चांगली हाय. तिथं आमच्या आक्कांनी माग चालू केलाय." ही घरात चिडायची. "माझी चूक गावभर वाटतोय," म्हणायची. पण भिंतीपलीकडं ती कॅसेट लागली, की भाकरी थापता थापता हिचा हात थांबायचा. ती जागा येऊन गेली की गालात हसायची आणि परत थापायला लागायची.

तो जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानात आता मोबाईल मिळतात. आमची हीही यंदा गेली. माझं शिक्षण चौथी, त्या गाण्यातला शब्द मला आजही कळत नाही. पण जेवण झालं की मी ती कॅसेट लावतो.

काल गाणं हळू होत होत बुडालं. संपलं समजून सूनबाईनं बंद करायला हात पुढं केला.

मी एक बोट वर केलं. "संपू दे की गं."

ती थांबली. गिटार हळूहळू वर आली, आणि आमच्या हिनं माग चालू केला.