माझ्या गुडघ्याचं बेरिंग

आमच्या घरात दुखणं कुणाचंही असो, निदान ठरलेलं: बेरिंग गेलं. नवरा सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि लग्न झाल्यापासून तो मिक्सरकडे, स्कूटरकडे आणि माझ्याकडे एकाच नजरेनं बघत आलाय. त्यामुळे जिना उतरताना गुडघा धरून मी मध्येच थांबले, तेव्हा खालच्या वळणावरून त्याचा आवाज आला, "ग्रीस संपलं तुझं! आता मशीन बंद ठेव, दुसरं काय!"

मशीन बंद म्हणजे माझं सकाळचं धावणं बंद.

मी शाळेत शिकवते. माहेर रत्नागिरीकडचं, सासर धुळ्याकडचं आणि संसार कारखान्यापासून जवळच, सामरवरणी गावातल्या अशा इमारतीत, जिथे लिफ्ट आहे पण ती चालू असल्याचं कुणी पाहिलेलं नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. उजाडता उजाडता मी घराबाहेर पडते आणि परत येईपर्यंत मला कुणी मॅडम म्हणत नाही, सूनबाई म्हणत नाही, 'माझा रुमाल कुठाय' म्हणत नाही. शेजारच्या दारूबंदीच्या राज्यातून तहानेनं आलेल्या पाहुण्यांच्या बाटल्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात. त्या चुकवायच्या, रात्रपाळीच्या कामगारांना सोडायला येणाऱ्या बसना वाट द्यायची आणि धावायचं. दिवसातला तेवढाच वेळ माझा स्वतःचा आहे. तो गेला तर बाकीचा दिवस कसा काढायचा, हे मला खरंच माहीत नव्हतं.

दुखण्याचं मूळ साधं होतं. सपाट रस्त्यावर रमतगमत धावणारी मी, एका धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये शिरले. तिथे चकचकीत बुटांतली मंडळी एकमेकांना शाबासकीचे अंगठे दाखवत असतात. त्यांच्या नादानं दर रविवारी खानवेलच्या रस्त्याला जायला लागले. तिकडे चढ आणि उतार. अंतर एकदम दुप्पट. काही आठवड्यांत वाटीच्या मागे कळ सुरू झाली. धावताना कमी, जिना उतरताना जास्त आणि स्टाफरूममध्ये पेपर तपासून उठताना तर 'आई गं'च.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. सासूबाई म्हणाल्या, "टोंगया दुखस ना? मंग पयस कसाले?" टोंगया म्हणजे गुडघा, पयस म्हणजे पळतेस; पुढचं समजलंच असेल. समोरच्या गुजराती बेन दारातच थांबून म्हणाल्या, "बेन, आ उंमरे दोडाय?" या वयात पळतात का, असं; जणू मी कुणाचा हात धरून पळाले होते. नवऱ्यानं गुडघ्याला घालायची टोपी आणली, तेल आणलं, आणि टोपीवरून तेल चोळायला निघाला.

शेवटी मी धावणं सोडलं. घराची तब्येत लगेच सुधारली. डबा वेळेवर, चहा वेळेवर, पोहे गरम. नवरा समाधानानं म्हणाला, "बघ, आराम दिला की कसं बरं वाटतं!" कुणाला बरं वाटतं, ते त्यानं सांगितलं नाही. माझा गुडघा होता तिथेच होता. महिना झाला तरी जिना उतरताना तीच कळ. शिवाय मी आता कणकेवर राग काढायला लागले होते. एकदा पोळ्या लाटता लाटता रडूच आलं. संपलं आपलं, असं वाटलं.

गंमत बघा. पाण्याची मोटर बिघडली की बादल्या घेऊन चार मजले चढते, तेव्हा बेरिंग शाबूत असतं. उकिडवं बसून फरशी पुसते, तेव्हा ग्रीस भरपूर असतं. बूट घातले की मात्र सगळ्यांना माझ्या गुडघ्याची काळजी.

शेवटी मीच एका फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली. नवरा स्कूटरवरून सोडायला आला आणि मशीनचा जुना मेकॅनिक असल्यासारखा आतही आला. फिजिओथेरपिस्ट म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिनं मला एका पायावर हळूहळू पायरी उतरायला लावली. गुडघा आतल्या बाजूला कलंडत होता. मांडी आणि खुबा कमजोर आहेत, ती म्हणाली, त्यात अंतर एकदम वाढवलंत. गुडघा बिचारा मधल्या मध्ये सापडला.

"म्हणजे घिसलंय ना?" नवऱ्यानं आशेनं विचारलं.

"अंकल, मशीन चलने से घिसती है. शरीर चलने से बनता है, बस लोड धीरे धीरे बढाना पडता है. बंद रखोगे तो और कमजोर होगा."

तिनं व्यायाम दाखवले: खुर्चीवरून हात न लावता सावकाश उठायचं-बसायचं, कुशीवर निजून वरचा पाय उचलायचा. सपाट रस्ता, छोटी पावलं, थोडं धावणं, थोडं चालणं. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं उतरत असेल तर घाबरायचं नाही. वाढलं तर एक पाऊल मागे यायचं. मग तिनं विचारलं, "दिनभर में घुटने पे और क्या क्या लोड आता है?"

मी सांगायला लागले. जिने, बादल्या, फरशी, वर्गात उभं राहणं, ओट्याशी उभं राहणं. नवरा भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रात फार रस घ्यायला लागला.

"इस में से क्या कम हो सकता है?"

"दौडना," नवरा तत्काळ म्हणाला.

"वो थोडा कम करेंगे, बंद नहीं. बाकी में से बताइए."

नवरा स्कूटर काढायला म्हणून बाहेर निघाला.

पुढच्या सोमवारी मी बूट बांधत होते. नवरा डोळे चोळत स्वयंपाकघराच्या दारात आला. "डब्याचं काय?"

"लोड वाटून घ्यायचाय, ऐकलंत ना? पोळ्या आजपासून तुमच्या."

"पहिल्याच दिवशी पोळ्या?" त्याचा चेहरा खरोखरच दुखावला होता. "झेपायचं कसं?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "एकदम वाढवायचं नाही. आज नुसती कणीक मळा."

सासूबाई आतून काहीतरी पुटपुटल्या. मी दार ओढून घेतलं आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरायला लागले. गुडघा जरासा दुखत होता. खाली पोचले तरी वरून परात आपटल्याचा आवाज येत होता.