सूपभर कोंड्याचा उकंडा

एकोडीच्या उकंडाला बूड टेकून बसणं कधी जमलंच नाही. खाटेवर बसला की उठायचा, उठला की तळ्याच्या पाळीवर फेऱ्या घालायचा. दुखणं एकच, नाव. उकंडा म्हणजे शेणकचऱ्याचा ढीग. साकोलीच्या धान गिरणीतले हमालसुद्धा त्याला नाक दाबून हाक मारायचे. दुसऱ्याच्या नावावर हसायला आपल्या लोकांना पैसे थोडेच पडतात!

१९८१ साली पोरीचं लग्न ठरलं आणि त्यानं मनाशी पक्कं केलं, पत्रिकेत बापाचं नाव 'जागेश्वर' छापायचं. तसं तो काकीला सांगायला गेला. काकी म्हणजे त्याची सख्खी आई, धुरपता. पण तिला काकीच म्हणायचं आणि माय म्हणायचं ते शेजारच्या शकुबाईला, असं त्याला लहानपणापासून बजावलेलं. कारण विचारलं की दोघी तोंडात मिठाची गुळणी धरायच्या.

धुरपता आता अंथरुणाला खिळली होती. नाव बदलायचं ऐकून ती रडायलाच लागली.

"ते माह्या हातात नाही, बाबू. शकुले इचार. तू तिचा होस."

मग तिनं सगळं सांगितलं. त्याच्या आधीची तिन्ही लेकरं गेली. म्हणून याला जन्मताच उकंड्यावर ठेवलं आणि शकुबाईनं सुपात उचललं, कारण तिची सगळी पोरं जगलेली. पुढं सूपभर कोंडा देऊन आईनं पोर परत विकत घ्यायचं, अशी रीत. साऱ्या आया घेतात. धुरपतानं घेतलं नाही.

"काहून नाही घेतलं?"

"माह्यं म्हटलं का मरते. दुसरीचा रायला तं जगशीन, म्हटलं."

उकंडाचं डोकं फिरलं. राग आला की रडू, त्याचं त्यालाच कळेना. अंगणात गेला, आत आला, पुन्हा गेला. शेवटी कोंड्यानं सूप भरलं आणि तडक शकुबाईचं दार गाठलं.

"हे घे वो माय, अन् सोड मले."

म्हातारीनं सूप ओढून घेतलं. "लय येळ लावला रे," एवढंच म्हणाली.

जागेश्वर त्याच्या ध्यानातही राहिला नाही. परत येऊन तो खाटेपाशी बसला, हलला नाही.

"माय," म्हणाला.

धुरपतानं घाबरून त्याच्या तोंडावर हात ठेवला. "हळू! कोनी आयकन."

मग हात काढला.

"अखीन एकडाव म्हन."