खिडकीचं म्हणशील तर

घरात तिला सगळे चिमणी म्हणत. अंगाने लहान होती म्हणून नव्हे, चांगली उंचपुरी बाई होती. पण कीबोर्डवर ती दोनच बोटांनी टाइप करायची, दाणे टिपल्यासारखी. एक अक्षर, मान वर, पडद्याकडे नजर, पुन्हा मान खाली, पुढचं अक्षर. संगणकाची पदवी, मोठ्या कंपनीतला अनुभव आणि टायपिंगची ही तऱ्हा. कुणी हसलं की सांगायची, प्रोग्राम डोक्याने लिहायचा असतो, बोटांनी नाही. ते बरोबरच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कळायला तिला थोरल्या जावेचा राग ओढवून घ्यावा लागला.

थोरली एका कचेरीत बैठकांची इतिवृत्तं टाइप करायची. कानात हेडफोन, डोळे खिडकीबाहेर आणि दहाही बोटं अशी पळायची की टेबलावरचा कप थरथरावा. बैठकीत माणसं तेच तेच बोलतात. 'माननीय अध्यक्ष महोदय' दिवसातून किती वेळा लिहायचं याला काही सुमार? एकदा जेवताना ती यावर करवादली आणि चिमणीच्या डोक्यात किडा वळवळला. तिने कंपनी सोडली आणि एक प्लगइन लिहायला घेतलं. प्लगइन म्हणजे लिहायच्या एडिटरला बाहेरून जोडलेला मदतनीस. थोरलीने 'माअम' एवढंच टाइप करायचं, मदतनिसाने कचेरीच्या भल्यामोठ्या शब्दसंग्रहात जाऊन पूर्ण शब्द शोधून आणायचे आणि बसवायचे. खुबी अशी की हा शोध मागच्या मागे चालणार. उत्तर येईपर्यंत लिहिणाऱ्याचा हात थांबायला नको.

चिमणीच्या टेबलावर ते झकास चाललं. थोरलीने कचेरीतल्या मुख्य बाईंकडे शब्द टाकला, माझ्या जावेने केलंय, बघा तरी. मुख्य बाईंना नको म्हणायची हौस दांडगी. तरी त्यांनी एका मशीनवर आठवडाभर वापरायची परवानगी दिली. शेवटच्या दिवशी त्या स्वतः येऊन बघणार होत्या. जमलं तर सगळ्या दालनात, नाही तर असलं घरगुती प्रकरण पुन्हा कचेरीत आणायचं नाही. म्हणजे चिमणीची मेहनत पाण्यात आणि थोरलीची पत तिच्या मागोमाग.

पहिल्याच संध्याकाळी थोरलीने चपला काढायच्या आधी एक छापलेला कागद चिमणीपुढे धरला. त्यावर होतं, 'सांडपाण्याची न माननीय अध्यक्ष महोदय ळी तुंबली आहे.' चिमणीला हसू आलं. ते तिने गिळायला हवं होतं.

"तुझं हसून झालं की सांग," थोरली म्हणाली. "मला अध्यक्षांना नळीतून बाहेर काढायचंय."

शिवाय एडिटर मध्येच गोठतो आणि मग सगळं एकदम ओततो, हेही तिने ऐकवलं. चिमणीने तेच वाक्य आपल्या टेबलावर टिपून पाहिलं. अध्यक्ष आपल्या जागी, नळी आपल्या जागी. तिने कचेरीच्या मशीनवर खापर फोडलं. आमच्या मशीनने तुझं काय घोडं मारलंय, असं थोरलीने विचारलं आणि कागद टेबलावर आपटून ती आत निघून गेली.

मग चिमणीने घाईघाईत एक उपाय केला. उत्तर येईपर्यंत एडिटर थांबवून ठेवला. अध्यक्ष नळीतून बाहेर आले खरे, पण आता शब्दागणिक थोरलीची बोटं बंद फाटकासमोर उभी राहू लागली. यापेक्षा मी हाताने लिहीन, ती म्हणाली, आणि मुख्य बाईंना काय सांगायचं ते सांगून मोकळी होते. चिमणीचा चेहरा उतरला. सुटीच्या दिवशी तिने जावेला चक्क गळ घातली. "वहिनी, एकदाच माझ्या खुर्चीत बसा. मला नुसतं बघू द्या."

थांबवण्याचा तो उपाय तिने आधी काढून टाकला. थोरली बसली आणि सुटली. चिमणी मागे उभी. इतक्या दिवसांत तिने आपलं प्लगइन दुसऱ्याच्या बोटांखाली चालताना पाहिलंच नव्हतं. थोरली 'माअम' टाइप करून दोन शब्द पुढे गेलेली असायची, तेव्हा कुठे उत्तर यायचं, आणि ते आपलं हात असेल तिथे जाऊन बसायचं. चिमणीचा हात मुळी पुढे जायचाच नाही, म्हणून तिला हे कधी दिसलं नाही. त्यात प्रत्येक अक्षराला नवा शोध निघायचा, जुन्याला कुणी परत बोलवायचं नाही. सगळे दारात कोंबले गेले की एडिटर गोठायचा.

टाइप करता करता थोरलीने गॅलरीकडे तोंड करून विचारलं, "बाबा, खिडकी लावू का?" आणि लगेच, "चहा ठेवू का?"

बाबा म्हणजे सासरे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण वेळेची घाई कधी केली नाही. विचार केल्याशिवाय उत्तर देणार नाहीत. मागे सासूबाईंनी विचारलं होतं, रद्दी देऊन टाकू का, आणि उत्तर येत नाही म्हणून पुढचं विचारलं, तुमचा जुना रेडिओ देऊन टाकू का. तेवढ्यात रद्दीचं उत्तर आलं, "हो, टाक देऊन." रेडिओ गेला. तेव्हापासून बाबा उत्तराआधी प्रश्न जोडतात.

"खिडकीचं म्हणशील तर," गॅलरीतून आवाज आला, "राहू दे उघडी."

थोरलीने हात लांबवून खिडकी केव्हाच लावली होती. "आता राहिलं," ती पुटपुटली आणि तशीच टाइप करत राहिली.

चिमणी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला खुर्चीतून जवळजवळ ढकललंच. गॅलरीतून "चहाचं म्हणशील तर, अर्धा कप" असं आलं, तेही तिने ऐकलं नाही. ती प्लगइनसाठी नवे नियम टिपत होती. शब्द पुरा होईपर्यंत शोधायला निघायचं नाही. नवा शोध निघाला की जुन्याला परत बोलवायचं. प्रत्येक उत्तराने आपला प्रश्न आणि त्याची जागा बरोबर घेऊन यायचं. आणि तो प्रश्नच तिथे उरला नसेल तर मुकाट्याने माघारी फिरायचं.

परीक्षेच्या सकाळी निघताना चिमणीने विचारलं, "बाबा, चालेल ना आमचं प्लगइन?" बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांचा विचार होईपर्यंत दोघी जिना उतरल्या होत्या.

मुख्य बाई थोरलीच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. थोरली खिडकीबाहेर बघत टाइप करत होती, अध्यक्ष महोदय मागच्या मागे आपापल्या जागी बसत होते. चिमणी भिंतीला टेकून नखं खात होती. अर्धं पान झाल्यावर मुख्य बाईंना राहवेना. 'माअम' टाइप होताक्षणी त्यांनी हात पुढे घालून सगळी ओळच पुसून टाकली आणि पडद्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"काहीच झालं नाही," त्या जरा नाराजीने म्हणाल्या.

"तेच करायला सगळ्यात जास्त त्रास पडला," चिमणी म्हणाली.

मुख्य बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग थोरलीला म्हणाल्या, उद्यापासून सगळ्या मशीनवर बसवून घ्या. थोरली फक्त "बरं" म्हणाली, पण टेबलावरचा कप नंतर बराच वेळ थरथरत होता.

संध्याकाळी दोघी हसत घरात शिरल्या. बाबा गॅलरीतच होते.

"प्लगइनचं म्हणशील तर," ते म्हणाले, "चालेल."

सकाळचं उत्तर आत्ता, असं म्हणून थोरलीने कपाळाला हात लावला.

"असू दे, वहिनी," चिमणी म्हणाली. "प्रश्न अजून जागेवर आहे."