डोक्याचं माप

डोळखांबजवळच्या पाड्यावरची ती म्हातारी बोलताना सतत काहीतरी निवडायची. कधी नाचणी, कधी माझे शब्द. गोऱ्या प्रोफेसरांनी मला तिथे धाडलं होतं. माणसाचं मूळ शोधायचं म्हणून मी कॅलिपर नावाच्या पितळी चिमट्याने लोकांच्या डोक्यांची मापं घ्यायचो आणि स्वतःला मोठा शास्त्रज्ञ समजायचो. म्हातारी मात्र मला हटकायची. "म्हशाच्या जत्रंत बैल बघतात तसा बघतंस रे! नाय मोजायचा."

तिथेच मला हिवतापाने गाठलं. तिने मला आपल्या झोपडीत निजवलं, पेज पाजली. जाग आली तेव्हा तिचे तळवे माझ्या डोक्यावर होते.

"आजी, काय माप आलं?"

"माप कसला? ताप बघतंय. उतरला." मग ती पुढ्यात बसली. "आन तुजा चिमटा. मोज माजा डोका."

चिमटा तिच्या केसांत असा अडकला, की तिलाच तो सोडवावा लागला.