ब बांगड्याचो

मैत्रिणींनो, आज पहिलीच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. मुलांच्या लक्षात अक्षरं राहत नाहीत, म्हणाल्या.

साठच्या दशकात तोंडवलीची शाळा आमच्या पडवीत भरायची. आमचे हे मास्तर. बदकाचा ब मुलांना कळेना, कारण बदक कुणी पाहिलंच नव्हतं. मग हे माझ्या टोपलीतला बांगडा उचलून विचारायचे, "ब कोणाचो रे?" मासे साफ करता करता मीही वाचायला शिकले.

आज मी बांगडाच घेऊन गेले. विचारलं, "ब कोणाचो गो?"

"बांगड्याचो! आजये, तुका एवढा पण म्हायत नाय?" एक चिमुरडी ओरडली.

वर्ग हसला. मीही हसले आणि यांचं "शाबास" ऐकायला मागे वळले. हे जाऊन कितीतरी वर्षं झाली.

तुमचं पहिलं अक्षर अजून कुणाच्या आवाजात ऐकू येतं?