विनिपेगला जायची ओटी

त्या वर्षी इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावच्या घरात विनिपेगने नुसता उच्छाद मांडला होता. कॅनडातल्या त्या शहरात नवऱ्याला कंपनीने नोकरी देऊ केली आणि स्वारी लायब्ररीतून त्या शहराच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तकच घेऊन आली. 'जायचं का गं?' एवढं मला विचारायचं मात्र राहूनच गेलं.

जेवताना तेच. वरणभातावर तूप घेईपर्यंत दोन नद्यांचा संगम झालेला असायचा. "अगं, तिथले मूळचे लोक हजारो वर्षं त्या संगमावर व्यापाराला यायचे!" मग फ्रेंच व्यापारी, त्यांनी तिथल्या बायकांशी केलेली लग्नं, त्यातून उभा राहिलेला वेगळा समाज. मग रेल्वे आली, गव्हाचे व्यापारी गबर झाले, त्यांनी टोलेजंग इमारती बांधल्या. पुराला कंटाळून शहराला वळसा घालणारा कालवाच खणला. आणि थंडी एवढी की मोटारसुद्धा प्लग लावून गरम ठेवायची. हे कौतुकाने सांगायचा!

"आणि बायकोचा प्लग कुठे लावायचा?" मी म्हटलं.

हसला. त्याला वाटलं, मी तयार झाले.

मला जायचं नव्हतं. कितीतरी दिवस टेम्पररी म्हणून राबल्यावर इथल्या शाळेत मला नुकतंच कायम केलं होतं. वाचनात मागे पडलेली मुलं माझ्याकडे देत, आणि ती वाचायला लागत. हे मी त्याला सांगितलं, एकदा नाही, चारदा. "अगं, शाळा काय तिकडेही असतात," म्हणायचा आणि पान उलटायचा. असा संताप यायचा ना!

एकदा मीच विचारलं, "तुझ्या पुस्तकातले ते युक्रेनचे शेतकरी तिकडे गेले, घुमटांची चर्च बांधली, सगळं खरं. त्यांच्या बायकांना कुणी विचारलं होतं का, येता का म्हणून?"

त्याने खरंच पुस्तकात शोधलं. "तसं काही दिलेलं नाही," म्हणाला.

मग इथल्या मराठी मंडळाचा गणपती आला. आरती झाल्यावर आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंनी हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली. "बस गं. एवढ्या लांब निघालीस, ओटी भरल्याशिवाय कशी पाठवू?" मागे बायका खण, तांदूळ घेऊन उभ्या. म्हणजे या पठ्ठ्याने सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं!

ओटीला नाही कसं म्हणायचं? मुकाट बसले, पदर पसरला. काकूंनी हळदीकुंकू लावलं, नारळ उचलला आणि माझं तोंड सुटलं.

"काकू, मी जाणार नाहीये. मला कुणी विचारलंच नाही."

नवरा प्रसादाची डिश धरून उभा. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग इथे राहणारीची भरते," त्या म्हणाल्या. "पदर नीट धर."

परतताना गाडी तोच चालवत होता. दाराशी आल्यावर इंजिन बंद केलं, तरी उतरेना.

"तू शाळेत," त्याने अखेर विचारलं, "नक्की काय शिकवतेस गं?"

मी मांडीवरचा नारळ त्याच्या हातात दिला. "आधी हा फोड. मग सांगते. आणि पान न उलटता ऐकायचं."